पाळकीणबाईला मैत्रीण नसते

अलीशिबाबाई सोनकांबळे आमच्या लातूरच्या मंडळीत पहिल्यांदा उपासनेला आल्या, त्या रविवारी मी त्यांना घाबरले होते. माझे पती विनय तिथल्या चर्चचे पाळक. मला पाळकीणबाई होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. माझी दोन वर्षांची लेक पहिल्या बाकाखाली बसून बिस्किटाचा चुरा करत होती, आणि तिसऱ्या बाकावर खिडकीशेजारी बसलेल्या या बाईंनी हेच काम छत्तीस वर्षं केलेलं होतं. फिकट सुती साडी, डोक्यावर पदर, मांडीवर गीतांचं पुस्तक. गीतं सगळी पाठ, पुस्तक उघडायची गरजच नव्हती. मला वाटलं, या माझ्या सगळ्या चुका मनात टिपून ठेवणार.

उपासना संपल्यावर बायका त्यांच्याभोवती जमल्या. "सलाम, पाळकीणबाई!" कुणी गुडघ्यांसाठी प्रार्थना सांगितली, कुणी मुलीच्या लग्नासाठी. त्यांनी प्रत्येकीचा हात हातात घेतला, नाव विचारलं. पंधरा मिनिटांत पटांगण रिकामं झालं आणि त्या फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या. एकट्याच. मी दारातून बघत होते. चहाला बोलवावं असं मनात आलं, पण घरात भांडी तशीच पडली होती, म्हणून नाही बोलावलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात चूक फक्त त्यांची नाही.

त्यांचं माहेर निलंग्याकडचं. वडील शाळेत शिपाई होते. चोविसाव्या वर्षी शांतवन सोनकांबळे या नव्या पाळकाशी लग्न झालं आणि त्या निलंगा, देगलूर, उदगीर, नांदेड अशा बदल्यांच्या गावांतून फिरत राहिल्या. सासूबाईही पाळकीणच होत्या. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुनेला समोर बसवून सांगितलं होतं, "मंडळीत सगळ्यांची हो. कुणा एकीची होऊ नको. एकीची झालीस, की बाकीच्या तुझ्या नवऱ्याचा उपदेश ऐकायच्या बंद होतील."

अलीशिबाबाईंनी हे एकदाच मोडलं. देगलूरला, बदलीच्या पहिल्या वर्षी.

तिथल्या सरकारी दवाखान्यात रिबका वाघमारे नावाची नर्स होती. वयानं यांच्याहून दोन वर्षांनी लहान, लग्न झालेलं नाही, आईबरोबर राहायची. ड्यूटी संपली की ती पाळकांच्या घरी यायची. पाळकांचा बंगला म्हणायचा, होत्या तीन खोल्या. दोघी मागच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायच्या. रिबका यांना "अक्का" म्हणायची. दवाखान्यातल्या गमती सांगायची, डॉक्टरांची नक्कल करायची. अलीशिबाबाई मला म्हणाल्या होत्या, "सुवार्ता, माझं हसणं एवढं मोठ्यानं असतंय हे मला तिच्यामुळं कळलं. शेजारची माणसं डोकावून बघायची."

रिबकाला त्या सगळं सांगायच्या. दुसरं बाळ पोटातच गेलं होतं, तेही. ते त्यांनी दुसऱ्या कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग नाताळच्या नाटकात मरीयेचं काम रिबकाच्या भाचीला मिळालं आणि बायकांच्या सभेत कुजबुज सुरू झाली. पाळकीणबाई त्यांच्याच घरच्या झाल्यात म्हणे. दोन वडीलधारी माणसं शांतवनरावांना भेटून गेली. त्या दिवशी जेवताना ते बायकोला म्हणाले, "रिबकाचं येणं जरा कमी होऊ दे." ते एवढंच म्हणाले होते. कमी करा, असं.

अलीशिबाबाईंनी ते बंदच केलं. रिबका आली, की त्यांची छोटी मुलगी कृपा दारात जाऊन सांगायची, "मम्मी झोपलीय." असं तीन वेळा झालं. चौथ्यांदा रिबका आली नाही. पुढच्या वर्षी तिची आई वारली. अलीशिबाबाई पाळकांबरोबर गेल्या, स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली आणि इतर बायकांबरोबर निघून आल्या. दीड वर्षानं उदगीरला बदली झाली. देगलूरच्या स्टँडवर मंडळी निरोपाला आली होती. त्यात रिबका नव्हती.

त्यानंतर त्यांनी पुन्हा मैत्रीण केली नाही. नांदेडला तर त्यांच्याशिवाय बाळंतपण की मयत, कुणाचं पान हलत नव्हतं. लोक दार वाजवायचे, त्या चप्पल घालून निघायच्या. शांतवनराव २०२२च्या दिवाळीनंतर हृदयविकारानं गेले तेव्हा चर्चच्या बाहेर रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. तीन महिन्यांनी नव्या पाळकांसाठी घर मोकळं करायचं होतं. बायकांनी सामान बांधायला मदत केली, रडल्या, चिवडा-लाडू बांधून दिले. ट्रक हलला आणि दोन आठवड्यांत फोन वाजायचा थांबला. कुणी वाईट नव्हतं. त्यांना पाळकीणबाई हवी होती, आणि ती आता दुसरी आली होती.

मुलगी कृपा हैदराबादला असते, सासू-सासऱ्यांसोबत. तिच्याकडे कायमचं जाऊन राहणं यांना बरं वाटेना. लातूरच्या बाहेरच्या एका कॉलनीत शांतवनरावांनी दोन खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. तिथं त्या राहायला आल्या.

शेजारी शरणम्मा राहायच्या. उदगीरकडच्या लिंगायत घरातल्या, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगा मडिवाळप्पा सोलापुरात नोकरीला. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, गुडघे कामातून गेलेले. पहिल्याच आठवड्यात त्या शेंगांची चटणी घेऊन आल्या. अलीशिबाबाईंनी वाटी घेतली, धन्यवाद म्हटलं आणि सवयीनं विचारलं, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" शरणम्मा जरा वेळ उभ्या राहिल्या, "करा की," म्हणाल्या आणि गेल्या. पुढे दोन-तीनदा असंच झालं. मग त्या यायच्या थांबल्या.

"घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ," अलीशिबाबाई मला सांगत होत्या. "सकाळ जायची. स्वयंपाक, वाचन, झाडझूड. दुपार झोपेत जायची. दिवे लागायच्या वेळेला मात्र काही कळायचं न्हाई, की आता काय करायचं. एवढी वर्षं त्या वेळेला कुणीतरी यायचंच. मी दोन कपाचा चहा टाकायचे. मग एक कप ओतून द्यायचे."

त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांना ताप आला. सांधे असे धरले, की उशीवरून मान उचलेना. कृपाला फोनवर "जरा कणकण आहे" एवढंच सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी गल्लीत नळाला पाणी आलं. आमच्याकडे तेव्हा आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, त्यामुळे नळ आला की सगळी कॉलनी बाहेर. बादल्यांचे आवाज, पाइपांची ओढाओढ, आरडाओरडा. त्यांच्या पिंपात तळाला थोडं उरलं होतं, माठ कोरडा. त्या पडल्यापडल्या ऐकत होत्या. दहा पावलांवर माणसं होती आणि हाक मारायला तोंड उघडत नव्हतं.

"तेव्हा मला ती शोमरोनी बाई आठवली," त्या म्हणाल्या.

रविवारच्या शब्बाथशाळेत त्यांनी बायबलमधली ही गोष्ट शंभरदा शिकवली असेल. भर दुपारी प्रभू येशू दमून विहिरीच्या काठावर बसतो आणि जिच्या लोकांशी त्याच्या लोकांचा पाण्याचाही व्यवहार नाही अशा बाईशी बोलतो. त्यानं तिला काय दिलं, हेच त्या नेहमी मुलांना समजावून सांगायच्या. त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, की देण्याच्या आधी त्यानं मागितलं होतं. त्याला तहान लागली होती आणि तो म्हणाला, मला पाणी दे.

त्या भिंतीला धरून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. शरणम्मा पाइप धरून उभ्या होत्या.

"शरणम्मा," त्यांनी हाक मारली, "मला पाणी भरून देता का? मला उभं राहता येईना."

शरणम्मांनी वळून बघितलं आणि पाइप टाकूनच दिला. "यव्वा! किती दिवस झाले हे?"

"चार."

"चार दिवस? आन् भिंतीला भिंत लागून हाय आपली!"

लंगडत लंगडत त्यांनी पिंप भरलं, माठ भरला, तांब्या यांच्या तोंडाला लावला. मग कपाळाला हात लावून बघितला आणि तिथंच उंबऱ्यावर बसून सुनवायला सुरुवात केली. "मी तीनदा आले तुमच्याकडं. दरवेळी तुम्ही इचारता, प्रार्थना करू का. मला प्रार्थना नको होती, बाई. माझा देव हाय की माझ्या गळ्यात. मला बोलायला माणूस पाहिजे होतं. तुम्ही कधी म्हणला का, बसा? कधी म्हणला का, मला करमत न्हाई?"

अलीशिबाबाई रडायला लागल्या. नवऱ्याच्या मयतीत चार लोकांसमोर त्या रडल्या नव्हत्या.

ताप महिनाभर पुरला. शरणम्मा सकाळ-संध्याकाळ पेज आणून द्यायच्या, सांध्यांना तेल चोळायच्या आणि सतत बोलायच्या. सुनेबद्दल, गुडघ्यांबद्दल, उदगीरच्या मोंढ्यात सासऱ्यांची धान्याची आडत होती त्याबद्दल. आणि मध्येच थांबून विचारायच्या, "तुमचं सांगा की आता. का मीच बोलत राहू?" तशा एका संध्याकाळी अलीशिबाबाईंनी रिबकाचं सगळं सांगितलं. मम्मी झोपलीय, इथपर्यंत.

शरणम्मा ऐकून म्हणाल्या, "हाय का ती अजून?"

"हाय म्हणतात. देगलूरलाच."

"मग जा की."

जानेवारीत त्या गेल्या. शरणम्मांना एसटीत चढणं जमत नव्हतं, म्हणून एकट्याच. उदगीरला गाडी बदलली. देगलूरला उतरल्यावर घर विचारत विचारत पोचल्या. रिबका भाच्याच्या घरी राहत होती. निवृत्त झालेली, केस सगळे पांढरे, चष्म्याच्या काचा जाड. तिनं ओळखलं. "या, अक्का," म्हणाली, खुर्ची पुसून दिली आणि भाचेसुनेला चहा ठेवायला सांगितलं.

येताना वाटेत यांनी बोलणं जुळवलं होतं. पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, मंडळीत फूट पडत होती, मी तरुण होते. त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. त्या म्हणाल्या, "रिबका, मी झोपले नव्हते."

"माहीत होतं," रिबका म्हणाली. "खिडकीतनं तुमची साडी दिसत होती. तिन्ही वेळा."

चहा आला. दोघींनी कप हातात धरले.

"त्याचं मला एवढं न्हाई वाटलं," रिबका म्हणाली. "पाळकाचं घर हाय, कुणीतरी बोललं असेल, हे कळत होतं मला. पण माझी आई गेली तेव्हा तुम्ही आलात. स्तोत्र वाचलं. मला वाटलं, वाचून झालं की अक्का माझ्याजवळ येऊन बसतील. तुम्ही पुस्तक मिटलं आणि साहेबांकडं बघितलं, निघायचं का म्हणून."

अलीशिबाबाई म्हणाल्या, "माझी चूक झाली. मला क्षमा कर."

रिबकानं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "केली. ख्रिस्ती बाई आहे, रोज प्रार्थनेत तेच मागते, मग द्यायलाच पाहिजे. मनापासून केली, अक्का. पण पहिल्यासारखं आता काही होणार न्हाई. तीस वर्षं झाली. तुमच्यानंतर मी पण कुणाजवळ बसले न्हाई तशी."

पाऊण तासानं अलीशिबाबाई निघाल्या. रिबका कोपऱ्यापर्यंत आली, "सांभाळून जा," म्हणाली आणि मागे फिरली. परतीच्या गाडीत जागा मिळाली नाही, उदगीरपर्यंत त्या उभ्यानं आल्या. घरी शरणम्मांनी विचारलं, "काय म्हणली?" त्यांनी जे झालं ते सांगितलं. शरणम्मांनी "असू दे, असू दे" म्हटलं नाही, समजूत घातली नाही. म्हणाल्या, "खरं बोलली." आणि ताटात भाकरी वाढली.

जानेवारीनंतरच्या त्या पाच महिन्यांना अलीशिबाबाई आपले चांगले दिवस म्हणतात. दोघी एकमेकींच्या ओट्यावर बसायच्या, भांडायच्यासुद्धा. एकदा देवावरून इतकं भांडल्या, की दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी अलीशिबाबाईच गेल्या आणि म्हणाल्या, "मला करमत न्हाई."

जूनमध्ये मडिवाळप्पा आला आणि आईला गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला घेऊन गेला. ऑपरेशन झालं, पण परत एकटीला ठेवायला मुलगा तयार होईना. घराला कुलूप लागलं. शरणम्मांना फोनवर नीट ऐकू येत नाही, त्यामुळे बोलणं दोन मिनिटांत संपतं. मोठ्यानं "जेवलात का?" आणि मोठ्यानं "हाव."

मला यातलं तेव्हा काहीच माहीत नव्हतं. ऑक्टोबरात आमच्या बायकांच्या सभेत "खरी मैत्री" असा विषय ठरला होता, आणि वडीलधाऱ्या म्हणून मी अलीशिबाबाईंना बोलायला सांगितलं. मला वाटलं, चार-पाच मुद्दे सांगतील.

त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आपला प्रभू मरणाच्या आदल्या दिवशी बागेत गेला तेव्हा तीन मित्रांना सोबत घेऊन गेला. त्यांना म्हणाला, माझ्या जिवाला लई दुःख होतंय, इथं थांबा. देवाचा पुत्र तो. त्याला कुणाची गरज होती? तरी त्यानं मागितलं. ते झोपून गेले, पण त्यानं मागितलं. मी छत्तीस वर्षं कुणाला म्हटलं न्हाई, की माझ्याजवळ थांब. मला वाटायचं, हा माझा विश्वास आहे. तो गर्व होता, बायांनो."

मग त्यांनी रिबकाची गोष्ट सांगितली. स्वतःचा एकही दोष झाकला नाही. शेवटी म्हणाल्या, "मला संध्याकाळी लई एकटं वाटतं." आणि खाली बसल्या.

माजी पाळकीणबाई असं बोलतील हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. एकीनं घाईघाईनं गीत सुरू केलं. सभा संपल्यावर बायका नेहमीपेक्षा लवकर गेल्या, नमस्कार करताना त्यांची नजर चुकवत. मी सतरंज्या गोळा करत होते. त्या जे बोलल्या ते माझंच होतं. लातूरला येऊन मला तीन वर्षं झाली होती आणि दिवसभरात लेक आणि विनय सोडून मी कुणाशी खरं बोलत नव्हते. माझ्या सासूनंही मला तेच शिकवलं होतं, शब्द वेगळे होते इतकंच.

मी म्हटलं, "बाई, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी तुम्हाला चहाला बोलवणार होते. भांडी पडली होती घरात, म्हणून नाही बोलावलं."

"आज पडलीत का?"

"हाव."

"मग चल, दोघी घासू."

त्यानंतर सात महिने आम्ही एकमेकींकडे जात-येत होतो. फार नाही, आठवड्यातून एखादवेळ. लेक आजारी पडली, की तेही राहायचं. मंडळीत बोललं गेलंच, की पाळकीणबाई म्हातारीकडेच असतात. विनयनं मला विचारलं, "काय करायचं?" मी म्हटलं, "तुम्ही त्यांना सांगा, ती माझी मैत्रीण आहे." त्यांनी तसं सांगितलं. दोन घरं रागावली, अजून आहेत. सभेत बोलायला अलीशिबाबाईंना पुन्हा कुणी बोलावलं नाही.

मे महिन्यात आमची बदली लोह्याला झाली. हे सांगायला गेले तेव्हा त्या डाळ निवडत होत्या. हात थांबले. नेहमीच्या पाळकीणबाईनं म्हटलं असतं, प्रभूची इच्छा. त्या म्हणाल्या, "मला लई वाईट वाटतंय गं, सुवार्ता. तू जाऊ नको असं वाटतंय." जायचं होतंच. तरी त्यांनी ते तोंडानं म्हटलं.

निघायच्या दिवशी ट्रकजवळ सगळी मंडळी जमली होती. कुणीतरी अलीशिबाबाईंना म्हणालं, "पाळकीणबाई, निरोपाची प्रार्थना तुम्हीच करा." त्या म्हणाल्या, "आज दुसऱ्या कुणीतरी करा. मला जमणार न्हाई." आणि सगळ्यांसमोर माझा हात धरून रडल्या.

लोह्याला येऊन आता पाच महिने झाले. मंडळी लहान आहे, वीसेक घरं. मी अजून कुणाची झालेली नाही, पण शेजारच्या दिपालीताईंकडे विरजण मागायला जाते आणि थोडी बसून येते. रिबकाचा गेल्या नाताळला अलीशिबाबाईंना फोनवर शुभेच्छांचा फोटो आला होता, सगळ्यांना पाठवतात तसला. त्यांनी तो मला दाखवला होता.

काल दिवे लावायच्या वेळेला त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. शरणम्मा सोलापुरात काठी घेऊन चालायला लागल्यात. मग त्या म्हणाल्या, "संध्याकाळ जात न्हाई गं."

मी कणीक मळत होते. परात बाजूला सारली, हात धुतले आणि दाराशी जाऊन बसले.

"बोला, मावशी," मी म्हटलं. "मी आहे इथंच."